फादरांच्या नावाने आलेला निरोप : आभासी चलनाच्या फसवणुकीपासून सावध राहण्यासाठी



ज्यांच्यावर समाजाचा विश्वास आहे अशा व्यक्तींच्या नावाने फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम व टेलिग्राम या माध्यमांवर खोटी खाती उघडायची आणि त्यांच्या ओळखीच्या लोकांना 'बिटकॉइन'सारख्या आभासी चलनात पैसे गुंतवावयास लावायचे, हा फसवणुकीचा प्रकार आता शहरांपुरता राहिलेला नाही. शिक्षक, डॉक्टर, पोलीस अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि धर्मगुरू यांची नावे यासाठी सर्रास वापरली जातात. लोकसभेत २०२५ साली देण्यात आलेल्या माहितीनुसार, सर्व प्रकारच्या सायबर आर्थिक गुन्ह्यांत भारतीयांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले होते. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तो तिपटीने वाढला.

मराठवाड्यातील आपल्या श्रद्धावंतांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आपला ख्रिस्ती समाज संख्येने लहान व गावोगावी विखुरलेला आहे. किनवट तालुक्यातील इस्लापूर किंवा त्याच्या आसपासच्या गावांत राहणाऱ्या कुटुंबाची आणि धर्मगुरूंची भेट रोज होत नाही. मिस्सेची वेळ, आजाऱ्याची बातमी, अंत्यविधीचा निरोप हे सारे भ्रमणध्वनीवरून कळते. त्यामुळे फादरांच्या नावाने आलेला निरोप आपण चटकन खरा मानतो. फसवणारा याच विश्वासाचा फायदा घेतो.

फसवणूक कशी घडते?

समजा, इस्लापूर परिसरातील एखाद्या शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर फेसबुकवरून मैत्रीची विनंती येते. छायाचित्र ओळखीच्या फादरांचे, नाव त्यांचेच. वास्तविक हे छायाचित्र कोणीतरी फादरांच्या खऱ्या खात्यावरून उतरवून घेतलेले असते. विनंती स्वीकारताच 'कसे आहात? घरची मंडळी बरी आहेत ना?' अशी विचारपूस होते. दोनतीन दिवस पैशाचा विषय निघत नाही. मग एके दिवशी, 'माझ्या एका परिचिताने आभासी चलनाची योजना दाखवली. मला चांगला लाभ झाला. आपल्या लोकांचेही भले व्हावे म्हणून सांगतो,' असा निरोप येतो.

यानंतर त्या माणसाला व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवरील एका गटात सामील करून घेतले जाते. गटात शेकडो सभासद दिसतात. रोज कोणी ना कोणी आपल्याला झालेल्या नफ्याचे चित्र टाकतो आणि 'गुरुजींचे' आभार मानतो. यातील बहुतेक सभासद फसवणाऱ्यांचेच असतात. पुढे एक अॅप उतरवून घ्यावयास सांगतात. त्यात भरलेले पाच हजार रुपये आठवडाभरात सात हजार झालेले दिसतात आणि त्यातले हजार-दोन हजार खरोखरच काढताही येतात. इथे संशय गळून पडतो.

हे दिलेले हजार-दोन हजार रुपये म्हणजे गळाला लावलेले आमिष होय. अॅपवर दिसणारा आकडा कोणत्याही बाजारातून आलेला नसतो. फसवणाऱ्याने तो संगणकावर टंकलेला असतो. आता मोठी रक्कम मागितली जाते. कापूस किंवा सोयाबीन विकून आलेले पैसे, बचत गटाची शिल्लक, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, कधी दागिने गहाण ठेवून काढलेले कर्ज असे सारे त्यात जाते. पैसे परत मागताच 'आधी ३० टक्के कर भरा', 'खाते गोठले आहे, सोडवण्याचे शुल्क भरा' असे सांगतात. तेही भरले की संपर्क तुटतो.

या प्रकाराचे आणखी एक रूप आहे आणि ते अधिक घातक आहे. त्यात खाते खोटे नसते. खऱ्या माणसाचे खरे खाते चोरलेले असते. 'चुकून तुमच्या नंबरवर एक सहा आकडी संकेतांक आला आहे, तो मला पाठवा,' असा निरोप ओळखीच्या व्यक्तीकडून येतो. आपण तो आकडा पाठवला की आपले व्हॉट्सअॅप खाते त्याच्या ताब्यात जाते आणि आपल्या नावाने आपल्याच नातेवाइकांना निरोप जाऊ लागतात. म्हणून नंबर ओळखीचा आहे एवढ्यावरून माणूस तोच आहे असे मानता येत नाही.

मोठ्यांची नावेही सुटली नाहीत

'इतक्या मोठ्या माणसाच्या खात्यावरून आले आहे, म्हणजे खरेच असणार,' असे कोणी म्हणेल. १५ जुलै २०२० रोजी बराक ओबामा, बिल गेट्स, एलॉन मस्क आदींची ट्विटरवरील खरी खाती चोरट्यांनी ताब्यात घेतली आणि 'बिटकॉइन पाठवा, दुप्पट करून देऊ' असे आवाहन केले. काही तासांत एक लाख डॉलरहून अधिक रक्कम लोकांनी पाठवली. या प्रकरणात अमेरिकेत पकडलेला मुख्य आरोपी १७ वर्षांचा मुलगा होता.

आपल्या देशातही तसेच घडले. सप्टेंबर २०२० मध्ये पंतप्रधानांच्या संकेतस्थळाशी जोडलेले ट्विटर खाते चोरून मदतनिधीसाठी आभासी चलनात देणग्या मागण्यात आल्या. डिसेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांचे व्यक्तिगत खाते काही वेळ ताब्यात घेऊन 'भारताने बिटकॉइनला अधिकृत मान्यता दिली' अशी खोटी बातमी देण्यात आली. २० सप्टेंबर २०२४ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीवर एका आभासी चलनाची चित्रफीत झळकली.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता चेहरा आणि आवाज यांचीही नक्कल होते. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी आपली बनावट चित्रफीत एका अॅपच्या जाहिरातीसाठी वापरली गेल्याचे स्वतः जाहीर केले. राष्ट्रीय शेअर बाजाराने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या प्रमुखांच्या, तर रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरांच्या बनावट चित्रफितींविषयी जनतेला सावध केले.

ख्रिस्तसभाही यातून सुटलेली नाही. धर्मगुरूंच्या नावाने श्रद्धावंतांकडून भेटकार्डे मागणाऱ्या भामट्यांविषयी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जुलै २०१९ मध्येच इशारा दिला होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात आपणही अशा बनावट चित्रांचा विषय ठरलो असल्याचे नमूद केले होते. पोप लिओ चौदावे यांची ८ मे २०२५ रोजी निवड झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या तोंडी खोटी भाषणे घालणाऱ्या चित्रफिती पसरल्या. २०२६ च्या संपर्कमाध्यम दिनासाठी त्यांनी मानवी आवाज आणि मानवी चेहरे यांचे जतन हा विषय निवडला, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे.

आभासी चलन म्हणजे काय?

आभासी चलन म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर ठेवलेली एक नोंद. नोटेप्रमाणे तिच्यामागे रिझर्व्ह बँकेची हमी नसते. भारतात ते अधिकृत चलन नाही. मात्र ते बाळगणे वा विकणे हा गुन्हाही नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्यावरील नफ्यावर ३० टक्के आयकर आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का करकपात लागू झाली. मार्च २०२३ पासून अशा व्यवहारांचा व्यवसाय करणाऱ्या संस्था आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या व त्यांना वित्त मंत्रालयाच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, कर हा व्यवहाराच्या वेळी कापला जातो किंवा विवरणपत्र भरताना सरकारकडे जमा करावा लागतो. स्वतःचेच पैसे काढण्यासाठी 'आधी आमच्या खात्यात कर भरा' असे कोणी म्हणत असेल तर ती लबाडीच होय. दुसरी, सरकारने कर लावला म्हणजे योजनेला मान्यता दिली असे होत नाही. बाजारभाव कोसळल्यास अथवा अॅपवाला पळाल्यास भरपाई देणारी कोणतीही ठेव विमा योजना येथे नाही.

फसवणारे आभासी चलनच का निवडतात, तेही समजून घ्यावे. बँकेतून बँकेत गेलेला पैसा वेळीच कळवल्यास अडवता येतो. तोच पैसा एकदा आभासी चलनात बदलून परदेशी गेला की ती नोंद उलटी फिरवता येत नाही. ती रद्द करू शकेल असा शाखाधिकारी कोठेच बसलेला नसतो.

महाराष्ट्राने पाहिलेले उदाहरण

या क्षेत्रातील आपल्या राज्याला सर्वाधिक परिचित प्रकरण 'गेनबिटकॉइन' या योजनेचे. अमित भारद्वाज व त्याच्या साथीदारांनी साधारण २०१५ पासून ही योजना चालवली. बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या, असे तिचे आश्वासन होते. पुण्यासह नांदेड व अन्य ठिकाणी तक्रारी नोंदल्या गेल्या. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाजला अटक केली. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार या योजनेत गोळा झालेल्या बिटकॉइनचे मूल्य २०१७ मध्येच सुमारे ६,६०० कोटी रुपये होते. जानेवारी २०२२ मध्ये भारद्वाजचा मृत्यू झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने देशभर साठ ठिकाणी झडती घेतली.

ही योजना अनोळखी माणसाच्या संदेशावर वाढली नव्हती. मित्राने मित्राला, नातेवाइकाने नातेवाइकाला तिच्यात आणले. आजचा तोतया तोच मार्ग वापरतो. फरक इतकाच की, मित्राची संमती न घेता तो त्याचा चेहरा उचलतो.

अशा आश्वासनांची परीक्षा साध्या गणिताने होते. दरमहा १० टक्के चक्रवाढीने एका वर्षात रक्कम तिपटीहून अधिक होते. काही योजना 'दिवसाला फक्त १ टक्का' म्हणतात. तो आकडा लहान वाटतो. पण त्या हिशोबाने १०,००० रुपयांचे वर्षअखेर सुमारे पावणेचार लाख होतील. असा धंदा खरोखर कोणाच्या हाती असता, तर त्याला तुमच्या-आमच्या दहा हजारांची गरज कशाला पडली असती?

इसहाकाची चूक

उत्पत्तीच्या पुस्तकातील २७ व्या अध्यायात इसहाक आणि याकोब यांची कथा येते. वृद्ध इसहाकाची दृष्टी गेली होती. याकोबाने थोरल्या भावाची वस्त्रे घातली, हातांवर व मानेवर करडांची कातडी गुंडाळली आणि 'मी एसाव' म्हणून तो पित्यापुढे उभा राहिला. इसहाकाला आवाजावरून शंका आली. त्याने प्रश्न विचारला, हात चाचपून पाहिले, वस्त्रांचा वास घेतला आणि आशीर्वाद देऊन टाकला.

इसहाक निष्काळजी नव्हता. त्याने पडताळणी केली. पण ज्या पुराव्यांवर त्याने विश्वास ठेवला ते सर्व पुढे उभ्या असलेल्या माणसानेच आणलेले होते. कातडी त्याची, वस्त्रे त्याने घातलेली, उत्तरही त्याचेच. एसाव रानातून येईपर्यंत थांबावे, किंवा घरातील कोणाला बोलावून विचारावे, हे इसहाकाने केले नाही. याकोबालाही पुढे लाबानाने तशाच रीतीने फसवले, हेही शास्त्र आपल्याला सांगते.

आपणही हीच चूक करतो. संशय आला तर त्याच खात्यावर 'फादर, तुम्हीच ना?' असे विचारतो. तोतया 'होय' म्हणणारच. तो छायाचित्र पाठवील, ओळखपत्र पाठवील, प्रसंगी फादरांच्या आवाजातील ध्वनिफीतही पाठवील. म्हणून पडताळणी अशा वाटेने करावी जी त्याच्या हाती नाही. आपल्या वहीत पूर्वीपासून लिहिलेल्या नंबरवर फोन करावा. धर्मग्रामाच्या कार्यालयात विचारावे. शेजारच्या गावातील धर्मशिक्षकाला किंवा धर्मभगिनींना विचारावे. नाहीतर पुढील रविवारी मिस्सेनंतर प्रत्यक्ष भेटेपर्यंत थांबावे. खरे फादर या विलंबाने रागावणार नाहीत. 'आत्ताच भरा, संधी जाईल,' अशी घाई करणारा मात्र हटकून खोटा असतो.

पैसे गेलेच तर काय करावे?

१. क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर फोन करावा, अथवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असताना ते बँकेत अडवता येतात. दुसऱ्या दिवशी बहुधा उशीर झालेला असतो.

२. फोन करताना रक्कम, दिनांक, वेळ, व्यवहार क्रमांक आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील जवळ ठेवावा. स्वतःच्या बँकेलाही लगेच कळवावे. आपण स्वतःच्या हाताने पाठवलेली रक्कम परत करण्यास बँक सहसा बांधील नसते, म्हणून त्वरा महत्त्वाची.

३. रागाच्या भरात संदेश पुसून टाकू नयेत. संभाषण, खात्याचा पत्ता, अॅपचे नाव यांची पडदाचित्रे काढून ठेवावीत.

४. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ग नुसार ओळखीची चोरी आणि ६६ घ नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक हे गुन्हे आहेत. दोन्हींस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीस शिक्षा आहे. गुन्हा आपल्या हद्दीत घडला नाही या कारणाने प्रथम खबर नोंदविण्यास नकार देता येत नाही.

५. 'बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडे शुल्क भरा,' असे सांगत नंतर येणारा माणूस बहुधा त्याच टोळीतला असतो. त्याला एक रुपयाही देऊ नये.

आपल्याच नावाने खोटे खाते निघाले तर

त्या खात्याचा पत्ता व पडदाचित्र जपून ठेवावे. त्या माध्यमातील तक्रारीच्या सोयीतून 'ही व्यक्ती माझे सोंग घेत आहे' अशी तक्रार करावी. मित्रमंडळींनाही तशीच तक्रार करण्यास सांगावे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार संबंधित व्यक्तीने तक्रार केल्यावर तोतयेगिरीचा मजकूर अल्प मुदतीत हटवणे या कंपन्यांना बंधनकारक आहे. आपल्या सर्व परिचितांना खऱ्या नंबरवरून ताबडतोब सावध करावे. व्हॉट्सअॅपवर दुहेरी पडताळणीचा संकेतांक लावून ठेवावा आणि फेसबुकवरील मित्रांची यादी परक्यांना दिसणार नाही अशी ठेवावी, कारण तोतयाला गिऱ्हाईक त्या यादीतच मिळते.

तरुणांसाठी विशेष सूचना

किनवट, हिमायतनगर, भोकर या भागांतून कामाच्या शोधात बाहेर जाणारे आपले तरुण आणि लातूर-नांदेडला शिकणारे विद्यार्थी यांना आणखी एक आमिष दाखवले जाते. 'तुझे बँक खाते महिनाभर वापरू दे, पाच हजार देतो.' फसवणुकीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरवला जातो. पोलीस तपासात प्रथम सापडते ते हे खाते, आणि आरोपी ठरतो तो खातेदार. बँकेचे पुस्तक, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड कोणालाही भाड्याने देऊ नका.

परदेशातील संगणकावरच्या नोकरीचे आमिषही नीट पारखून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटले होते की, म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे कोंडून ठेवून त्यांच्याकडून अशीच फसवणूक करवून घेतली जात असावी. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमार-थायलंड सीमेवरील अशा तळांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. तेव्हा तुम्हाला गोड संदेश लिहिणारा माणूस कदाचित स्वतःच कोंडलेला कोणाचा तरी मुलगा असेल. त्याला पैसे द्यावेत असा याचा अर्थ नाही. मात्र प्रार्थनेत त्याचेही स्मरण असावे.

धर्मग्रामाचे कर्तव्य

प्रत्येक धर्मग्रामाने एक नियम मिस्सेच्या सूचनांमधून वारंवार जाहीर करावा : कोणतेही धर्मगुरू, धर्मभगिनी वा महागुरू संदेशाद्वारे गुंतवणुकीचा सल्ला देणार नाहीत आणि खाजगी खात्यात पैसे मागणार नाहीत, दान धर्मग्रामाच्या खात्यातच व पावती घेऊनच द्यावे. बचत गटांच्या बैठकीत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात हा विषय वर्षातून एकदा तरी घ्यावा. घरातील मुलांनी आईवडिलांच्या भ्रमणध्वनीवर दुहेरी पडताळणी लावून द्यावी. आईवडिलांनीही त्यांना विचारण्यात कमीपणा मानू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फसलेला माणूस बहुधा बोलत नाही. 'लोक हसतील, लोभी म्हणतील' या लाजेने तो घरच्यांपासूनही लपवतो, गेलेले भरून काढण्यासाठी आणखी कर्ज काढतो आणि खचून जातो. त्याने लोभ धरला असेल किंवा नसेल. त्याचा निवाडा चौकात करण्याचे कारण नाही. त्याचा विश्वास चोरला गेला आहे आणि विश्वासाची चोरी ही पैशाच्या चोरीहून मोठी आहे. अशा कुटुंबाकडे आपण आधी जावे, १९३० वर फोन करताना त्याच्याशेजारी बसावे, पोलीस ठाण्यात त्याच्याबरोबर जावे. प्रभू येशूने योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात सांगितलेला उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो आणि मेंढरे त्याचा आवाज ओळखतात. आवाजाचीही नक्कल होऊ लागलेल्या या काळात ही ओळख टिकवायची असेल, तर एकमेकांना प्रत्यक्ष भेटणे आणि विचारपूस करणे आपण सोडता कामा नये.

प्रभू आपणा सर्वांस विवेक देवो व आपल्या घरादारांचे रक्षण करो.